फिरेला राखणदार

मी माझ्या बाबांना फसवलं. देवासमोर नारळ ठेवून फसवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझ्याबद्दल कोणाला उगाच कणव यायला नको.

माझी नोकरी अशी आहे: अंधेरी पूर्वेला एका काचेच्या इमारतीत मोबाइलवरचे गेम तयार होतात आणि तिथे मी पात्रांची वाक्यं लिहिते. आमच्या गेममध्ये खेळणाऱ्याकडे कवड्या जमतात. त्या टाकून तो वीरांना हाक मारतो. पडद्यावर उजेडाचा खांब उभा राहतो, त्यातून कोणीतरी बाहेर येतं, मान झुकवतं आणि तिथून पुढे ते खेळणाऱ्याचं. मार म्हटलं की मारणार, थांब म्हटलं की थांबणार. काही महिन्यांनी लोकांना अशा गुणी माणसांचा कंटाळा येतो. मग त्याच पात्राचं उलट रूप काढायचं. चेहरा तोच, पण कपडे काळे, डोळ्यांत राग आणि सांगितलेलं ऐकायचं नाही. ऑफिसात आम्ही त्यांना 'फिरेले' म्हणतो. या फिरेल्यांसाठी पोरं अक्षरशः जीव टाकतात. दिवसभर शिक्षकांचं, साहेबांचं, आईबापांचं ऐकून आलेल्या माणसाला संध्याकाळी न ऐकणारा कोणीतरी हवा असतो, असं माझं मत आहे.

माझं सगळ्यात गाजलेलं पात्र म्हणजे राखणदार. आमच्या कोकणात गावाच्या वेशीला राखणदार असतो असं मानतात. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, आणि गाव झोपलं की याची फेरी सुरू. गेममध्ये तो मी घातला तेव्हा सगळ्यांनी विचारलं, कुठून सुचलं? मी म्हटलं, लोककथा वाचल्या. खोटं. तो माझा बाप होता.

बाबा तरुणपणी गिरणीत बदली कामगार होते. गिरणी बंद पडली तेव्हा जो कागद समोर आला त्यावर सही करून घरी आले. पुढे दहिसरला एका सोसायटीत वॉचमन झाले आणि निवृत्त होईपर्यंत वॉचमनच राहिले. गाडी आली की उठायचं, सलाम करायचा, फाटक उघडायचं. कोणी सिलिंडर वर चढवायला सांगितला, व्हय. कोणी कुत्र्याला फिरवून आणायला सांगितलं, व्हय. लहानपणी मला याची इतकी चीड यायची की शाळेतून येताना मी त्या फाटकासमोरून न येता नदीकडून वळसा घालून यायचे.

एकाच ठिकाणी त्यांच्या 'व्हय'ला रुबाब होता. गणपतीत आमच्या चाळीतले एक म्हातारे गाववाले गाऱ्हाणं घालतात. म्हणजे समोर नारळ ठेवायचा आणि देवाला मोठ्यानं एकेक मागणं सांगायचं. प्रत्येक मागण्याला जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. एका सुरात, विचार न करता. त्या सुरात बाबांचा आवाज सगळ्यांच्या वर असायचा. छाती फुगवून म्हणायचे. तेच मी राखणदाराला दिलं. खेळणाऱ्यानं आज्ञा केली की तो काठी आपटून म्हणतो, "व्हय म्हाराजा." मराठी न कळणारी पोरंही ते म्हणतात, असं मला सांगण्यात आलंय.

मधुमेहानं बाबांची मूत्रपिंडं गेली त्याला आता दोन वर्षं होतील. आठवड्यातून तीनदा बोरिवलीच्या सेंटरला डायलिसिस. मंगळवार, गुरुवार, शनिवार, सकाळी आठची पाळी. चार तास मशीनला जोडून पडायचं. सुया टोचायला हातातली शीर मोठी करून ठेवलेली असते, तिथे बोट लावलं की ती आत गुरगुरत असते. दिवसाचं पाणी मोजून. आई स्टीलच्या बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवायची, रेघ संपली की संपलं. मग तोंडात बर्फाचा एक खडा. बाबांनी अकरा महिने हे सगळं मुकाट्यानं केलं. सेंटरमधल्या नर्स म्हणायच्या, काकांसारखा पेशंट नाही. मला अभिमान वाटायचा. कसला वाटायचा, देव जाणे.

आणि एका मंगळवारी, रिक्षा खाली उभी असताना, बाबा खाटेवर बसून राहिले.

"बाबा, चला."

"मी येवचंय नाय."

मला वाटलं चप्पल सापडत नसेल. मी वाकून खाटेखाली पाहिलं. चप्पल जागेवर होती.

"येवचंय नाय म्हणजे?"

"म्हणजे नाय. अकरा म्हयने ऐकलंय तुमचा. आता पुरे."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. घरात वीज गेल्यावर माणसं आधी शेजारी डोकावतात, तशी आई खरंच दारापर्यंत जाऊन आली. या माणसाच्या तोंडून 'नाय' हा शब्द आम्ही दोघींनी कधी ऐकलाच नव्हता. लग्नाला बेचाळीस वर्षं झालेल्या बाईनंसुद्धा नाही.

डॉक्टरांना फोन केला. मला आशा होती की ते म्हणतील, रक्तात विष साचलं की माणूस असं काहीतरी बडबडतो. त्यांनी घरी येऊन तपासलं. वार विचारला, पंतप्रधान विचारले, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं आणि वर म्हणाले, "आता तुमी माका तेराचो पाढो म्हणान दाखवा." डॉक्टर हसले. जिन्यात मला म्हणाले, "डोकं अगदी ठिकाणावर आहे. हा त्यांचा निर्णय आहे." किती दिवस, असं मी विचारलं. आठवडा, दोन आठवडे, नक्की सांगता येत नाही, म्हणाले. मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या शांतपणे सांगतात म्हणून ओरडले. आजही त्यांच्या समोरून जाताना मान खाली जाते.

नेमका त्याच आठवड्यात ऑफिसात राखणदाराचा फिरेला लिहायचा होता. मी महिनाभर टाळत होते. जमतच नव्हतं, जे लिहायची ते नाटकातल्या खलनायकासारखं व्हायचं. बुधवारी मेट्रोतून अंधेरीला गेले, खुर्चीत बसले आणि काय झालं कळलं नाही, एका दमात लिहून काढलं. सगळं बाबांचं होतं. सकाळीच ते आईला म्हणाले होते, "रातभर पाय माझे दुखायचे, झोप तुमका लागायची." ते मी तसंच्या तसं घेतलं. 'तुझ्या हाकेला आलो नाही, माझ्या पायांनी आलो', हेही त्यांचंच. सोसायटीचे सेक्रेटरी समजवायला आल्यावर गॅलरीत येऊन म्हणाले होते. गेमची रचना करणारा मुलगा, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, माझ्या मागे उभा राहून वाचत होता.

"काय लिहिलंयस यार! एकदम कडक. कुठे होता हा इतके दिवस?"

"घरीच होता," मी म्हटलं.

मग त्यानं त्याची कल्पना सांगितली. फिरेला ऐकत नाही हे ठीक, पण काही खेळणाऱ्यांना तो आपल्या ताब्यात हवा असतो. तर त्यांना एक सोय द्यायची: बांधणं. खेळणाऱ्यानं त्याला शपथेत अडकवायचं. एकदा शब्द गेला की फिरेला पुन्हा आज्ञेत येणार. "पण अडकवायचं कसं, ते तू ठरव ना," तो म्हणाला. मी विचार न करता म्हटलं, "सवयीनं. त्याला 'व्हय' म्हणायची सवय आहे. बेसावध असताना त्याच्याकडून ते म्हणवून घ्यायचं." तो खूश झाला. मी मान हलवली आणि मग माझ्या लक्षात आलं, की मी गेमबद्दल बोलतच नव्हते.

गुरुवारीही बाबा गेले नाहीत. घरी काय चाललं होतं ते सांगते, म्हणजे माझी अवस्था कळेल. मी पाया पडले. ओरडले. जेवले नाही. आईनं देव पाण्यात ठेवले. बाबांचा चुलतभाऊ गावाहून फोनवर उपदेश करत होता, त्याला बाबांनी ऐकवलं, "तू आधी बांधावरची माझी दोन कलमां परत दी, मगे शिकव." चाळीस वर्षं हा माणूस त्या दोन आंब्यांबद्दल अवाक्षर बोलला नव्हता! बाबांनी पथ्यातलं लोणचं मागून घेऊन खाल्लं. आईची रेघेची बाटली त्यांनी खिडकीत ठेवून दिली आणि माठातून पेला भरून घेतला. पाय सुजत चालले होते, दोन पावलांवर धाप लागत होती, आणि या माणसाच्या चेहऱ्यावर मी आयुष्यात पाहिली नव्हती अशी टवटवी होती. हसायचे. आईला चिडवायचे. मला त्यांनी गिरणीतल्या एका मुकादमाची नक्कल करून दाखवली. मी हसले आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, कारण मला हा माणूस आवडायला लागला होता आणि तो आठवड्याभराचा होता.

मला बाबा हवे होते. कुठले बाबा, एवढा विचार करायला मला वेळ नव्हता. जिवंत असलेले.

शनिवारी संध्याकाळी मी चाळीतल्या त्या म्हाताऱ्या गाववाल्यांना बोलावलं. आईला सांगितलं, बाबांना बरं वाटावं म्हणून गाऱ्हाणं घालूया. गाववाल्यांना मात्र जिन्यातच गाठून, मधे कुठलं वाक्य घालायचं ते सांगितलं. ते घुटमळले. म्हणाले, "गो, असा करूचा नसता." मी त्यांचे पाय धरले. आमच्याकडे नारळावर गेलेला शब्द परत फिरत नाही. भावाभावांनी बांधाचे तंटे त्याच्यावर मिटवलेत. कोर्टात खोटं बोललेली माणसंसुद्धा तिथे चाचरतात. हे मला माहीत होतं, आणि बाबांना तर माझ्याहून जास्त.

बाबा टोपी घालून, भिंतीला टेकून बसले. शेजारच्या चार बायका आल्या. नारळ पाटावर. गाववाल्यांनी डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा, आज ह्या लेकरांनी तुका हाक मारलेली आसा, ती कानार घे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"घरात सगळ्यांका सुखात ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" बाबांचा आवाज धापेतूनही सगळ्यांच्या वर.

"खय काय वाकडातिकडा येत आसात, तर ता येशीभायेर घालव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आणि ह्यो तुजो लेक उद्यापासून पयल्यासारखो मशीनीर जायत, डाक्टर सांगतीत ता ऐकात, तेका बळ दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

म्हणून झाल्यावर बाबांचं तोंड उघडंच राहिलं. नारळ फुटला. बायका खोबऱ्याचे तुकडे वाटू लागल्या. बाबांनी आधी गाववाल्यांकडे पाहिलं; ते जमिनीकडे बघत होते. मग माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर मी निभावून नेलं असतं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि विचारलं, "रिक्षा किती वाजता येतली?"

रविवारी सेंटरनं खास जागा काढून दिली. बाबा गेले. मंगळवारी गेले, गुरुवारी गेले. सूज उतरली, धाप गेली. मी जिंकले होते. नातेवाइकांना फोन करून सांगितलं, आई सोमवारी देवीची ओटी भरून आली. ऑफिसात पेढे नेले. कशाचे, असं विचारल्यावर म्हटलं, बाबा बरे झाले.

घरात मात्र कोणी बोलेना. म्हणजे बाबा बोलेनात. बाबा, जेवताय? व्हय. पंखा कमी करू? व्हय. वाढवू? व्हय. पेपर पुढ्यात ठेवला तर धरायचे, काढून घेतला तर सोडायचे. लोणचं मागणं बंद. मुकादमाची नक्कल बंद. पाण्याची बाटली आई देईल तेव्हा तोंडाला लावायची, घेईल तेव्हा द्यायची. पूर्वी अकरा महिने मुकाट्यानं जायचे तेव्हासुद्धा सेंटरहून येताना रिक्षावाल्याशी दोन शब्द असायचे. आता तेही नाहीत. मी स्वतःला सांगायचे, थकलेत. वय झालं. मधुमेह आहे. एकेक कारण शोधून काढायचे आणि दिवस ढकलायचे. असे दोन महिने गेले.

मग ऑफिसात फिरेल्याची चाचणी होती. मोठ्या पडद्यावर त्या मुलानं उजेडाचा खांब उभा केला आणि माझा फिरेला राखणदार बाहेर आला. काळं घोंगडं, मोडकी काठी. "तुझ्या हाकेला आलो नाही," तो गुरगुरला आणि सगळी खोली टाळ्या वाजवायला लागली. मग मुलानं बांधणं चालू केलं. घंटा वाजली. फिरेला थांबला. हल्ला कर. "व्हय म्हाराजा." मागे फिर. "व्हय म्हाराजा." पुलावर उभा राहा. "व्हय म्हाराजा." सैन्य निघून गेलं, लढाई संपली, तरी तो पुलावर उभाच.

"अगं, बांधल्यावर हा बाकी काहीच बोलत नाही," मुलगा म्हणाला. "वाक्यं लिहायची राहिली काय तुझी?"

मी फाईल उघडली. राहिली नव्हती. बांधलेल्यासाठी मी एकच ओळ लिहिली होती आणि खाली जागा रिकामी सोडली होती. त्या दिवशी मला वाटलं असणार, की अजून काय लागणार आहे त्याला बोलायला. काय झालं, असं मुलानं विचारलं. त्याला मी काही सांगितलं नाही. ही बांधण्याची सोय काढून टाक, एवढंच म्हटलं. तो म्हणाला, लोकांना आवडेल गं ती. मी म्हटलं, म्हणूनच काढ. आमचं कडाक्याचं भांडण झालं आणि मी त्यात हरले. ती सोय आजही गेममध्ये आहे.

घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई भाकरी थापत होती. गाऱ्हाण्यातलं वाक्य माझं होतं हे तिला इतके दिवस माहीतच नाही, असा माझा समज. ती न थांबता म्हणाली, "माका त्याच दिवशी कळला. तुयां बांधलंस, तूच सोड."

"सोडलं तर काय होईल माहितीय ना तुला?"

"बेचाळीस वर्सां रवलंय तेंच्यासोबत," आई म्हणाली. "तेतूरले पाच दिवस ते माझ्याशी बोलले." मग तिनं परातीत पाणी इतकं ओतलं की पीठ वाहायला लागलं.

तरी मी सोडलं नाही. लिहायला लाज वाटते, पण आणखी तीन आठवडे मी त्यांना तसंच ओढत राहिले. सोडायचं म्हणजे मारायचं. दुसरा अर्थ कोणी कितीही गोड करून सांगितला तरी मला दिसत नव्हता. मी सेंटरच्या बाकावर बसून हिशेब मांडायचे: मुके का होईना, आहेत ना. अंग गरम आहे. हातातली शीर गुरगुरते आहे. एवढं पुरत नाही का माणसाला? मला पुरत होतं. मी चिकट आहे, मला काहीही पुरतं.

एका शनिवारी सेंटरमधून सुटल्यावर मी पुढे जाऊन रिक्षा थांबवली आणि बाबांकडे वळून म्हटलं, "चला." बाबा फुटपाथवर सरळ उभे राहिले. टाचा जुळवल्या. उजवा हात कपाळापर्यंत नेऊन मला सलाम केला. तोच, फाटकावरचा, गाडीतल्या साहेबांना करायचे तो. चेष्टा नव्हती. टोमणाही नव्हता. टोमणा मारायला आत कोणीतरी लागतं. मी त्यांचा हात धरून खाली ओढला आणि भर रस्त्यात, लोकांसमोर, "असं नका करू हो, असं नका करू," म्हणत राहिले. ते म्हणाले, "व्हय."

मंगळवारी सकाळी मी लवकर अंघोळ केली. पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला. आमच्यात बायका गाऱ्हाणं घालत नाहीत, पण गाववाल्यांना परत या पापात ओढायचं नव्हतं. बाबा खाटेवर, शर्टाची बटणं लावून, चपला घालून तयार. मी माझ्या मुंबईत वाढलेल्या, मोडक्यातोडक्या मालवणीत सुरुवात केली.

"बा देवा म्हाराजा, मिया माझ्या बापाशीक फसवन शब्दात बांधलंय. चूक माझी आसा, ती पोटात घाल रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई एकटीच म्हणाली. चाळीचं 'व्हय' एकट्या बाईच्या तोंडी किती बारीक वाटतं.

"तेंच्या तोंडात जो शब्द मिया घातलंय, तो आज मिया मोकळो करतंय. तेंका जाऊचा तर जाऊं देत, नाय जाऊचा तर नाय जाऊं देत. तेंच्यार आता कोणाचा बंधन रवला नाय रे म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आई म्हणाली आणि तिनं पदर तोंडात कोंबला.

मी नारळ फोडला. तीन घावांत फुटला, पाणी फरशीवर सांडलं. खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. नेहमीचीच रिक्षा, नेहमीची वेळ. मी उभी राहिले. त्या क्षणी मला काय हवं होतं ते खरं सांगते: मला वाटत होतं की त्यांनी मला माफ करावं, उठावं आणि स्वतःच्या मनानं जिना उतरावा. दोन्ही हवं होतं मला. बाबाही, आणि जीवही.

"बाबा, रिक्षा आलीय."

बाबांनी फुटलेल्या नारळाकडे पाहिलं. मग आईकडे. मग बऱ्याच वेळानं, बऱ्याच महिन्यांनी, माझ्याकडे. एक पाय वर घेतला आणि चप्पल काढली. दुसरी काढली. पायानंच दोन्ही खाटेखाली ढकलल्या.

"नाय," ते म्हणाले.

आवाज घोगरा होता, वापर नसल्यामुळे. त्यांनी खाकरून घसा साफ केला आणि पुन्हा म्हणून पाहिलं. "नाय. परत धाड तेका. आणि नारळ फुटलोच हा, तर सोलकढी करा. पेलो भरान व्हयी माका. अर्धो दिलास तर बघ."

मी जिना उतरले. रिक्षावाला बोरिवलीचाच, वर्षभर आम्हाला नेणारा. म्हणाला, "काय ताई, काका कुठेत?"

"येत नाहीत. नाही म्हणाले."

"काका नाही म्हणाले?" त्याला खरंच आश्चर्य वाटलं. मागच्या वेळी बाबांना ताप आहे असं सांगून मी त्याला परत धाडलं होतं.

"हो," मी म्हटलं. "स्वतः म्हणाले." आणि मी तिथेच, त्याच्या हँडलला धरून, मोठमोठ्यानं रडायला लागले. वर गॅलरीत बाबा येऊन उभे राहिले होते. तिथून त्यांनी माझ्यावर आवाज चढवला, रस्ता अडवू नको म्हणून, आणि येताना कोळंबी घेऊन ये म्हणून.

आम्हाला अकरा दिवस मिळाले. त्यांतला एकही मुका नव्हता.